काळ्या घागऱ्यासाठी निळ्या बेरी

व्होरूच्या अलीकडे, उर्मास नावाच्या माणसाच्या अंगणातून,
ऑगस्ट संपता संपता

तीर्थस्वरूप हेल्मीअक्का हिला धाकट्या साल्मेचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरंच वाकून. बेरी वेचून वेचून माझी पाठ अशी झाली आहे की सध्या दुसऱ्या कुठल्या प्रकारे नमस्कार करताच येत नाही. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची होडी पाण्यात उतरली, की अजून अंगणातच पालथी पडून आहे? माझ्या कोंबड्यांबद्दल विचारत नाही. विचारलं की तू चिडतेस. आम्ही दोघी खुशाल आहोत. गाडीही आहे, तिला खुशाल म्हणवत नाही.

दोघी म्हणजे मी आणि सासूबाई. मी एकटीच निघाले होते, हे तुला माहीत आहे. यंदा आपल्या बेटावर फुलोऱ्यातच गारठा पडला आणि जंगलात औषधाला बेरी नाही, म्हणून मुख्य भूमीवर जाऊन वेचाव्यात, वाटेत कुठे चूल मिळेल तिथे लोकर रंगवावी आणि हिवाळ्याच्या घागऱ्याची सोय करावी, एवढाच बेत. पण धक्क्यावर उभ्या केलेल्या गाडीपाशी पोचले तर पुढच्या सीटवर सासूबाई. मांडीवर स्वतःची बादली, बुडाखाली स्वतःची उशी. म्हणाल्या, व्होरूच्या बहिणीला भेटायचंय. (त्या बहिणीशी त्या माझ्या लग्नापासून बोलत नाहीत. बोटीवरच्या खलाशानंसुद्धा ते ऐकून तोंड फिरवलं.)

निघताना आपण दोघी भांडलो, तेही इथेच मिटवून टाकते. मिहकेलला जाऊन दोन हिवाळे झाले, आता दुखवट्याच्या काळ्यात एखादी लाल रेघ येऊ दे, असं तू म्हणालीस. गावच्या बायका तुझा घागरा बघून आवाज खाली आणतात, किती दिवस कुजबुजत बोलायचं तुझ्याशी, असंही म्हणालीस. तुझं बरोबर होतं. मलाच माझ्याशी कुणी मोठ्यानं भांडावं असं वाटायला लागलं आहे. पण अक्का, ती रेघ आधी सासूबाईंसमोर घालून फिरायची. मुलगा त्यांचा. त्यांनी स्वतः, मामंजी समुद्रात बुडून गेले तेव्हापासून, काळ्यावर एक ठिपका चढू दिलेला नाही. मी लाल घालून त्यांना कॉफी ओतायची कशी? म्हणून आणखी एक हिवाळा काळाच, असं मनाशी ठरवून मी लोकरीच्या पांढऱ्या लड्या, तुरटी आणि मूठभर गंजके खिळे (रंग काळवंडायला) घेऊन निघाले होते.

आता प्रवास. सासूबाईंना जंगल दिसलं की गाडी थांबली पाहिजे, आणि इकडे जंगल संपतच नाही. फाट्यावरून उजवीकडे वळायचं हे मी ठरवते आणि कुठे थांबायचं हे त्या. वेचण्यात त्यांचा हात अजून असा चालतो की माझ्या बादलीचा तळ झाकायच्या आत त्यांची भरलेली असते. भांडण पुढे. त्यांच्या मते बेरी केकसाठी असते. चांगली फळं लोकरीबरोबर उकळणं म्हणजे ख्रिसमसचं डुक्कर साबणासाठी कापणं. मी मऊ पडलेली, चेंगरलेली तेवढी मागायची आणि त्या तीही एकेक उजेडात धरून बघायच्या. बरी दिसली की तोंडात. त्यांचे दात पेर्नू गाव मागे पडल्यापासून निळे आहेत.

व्होरूच्या अलीकडे त्यांना एक वाट "ओळखीची" वाटली. वाट कसली, शेवाळ होतं. गाडीची पुढची चाकं त्यात अशी आरामात बसली की जणू घरी आली. मी चिखलात उतरून ढकलत होते आणि सासूबाई खिडकीतून हात बाहेर काढून, आवाक्यातल्या झुडपावरच्या बेरी वेचत होत्या. तेवढ्यात हा उर्मास ट्रॅक्टर घेऊन आला. उंच, अबोल, एका पायात करडा मोजा आणि दुसऱ्यात हिरवा. दोर बांधून गाडी ओढून होईपर्यंत सासूबाईंनी त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या, बायकोचं आजारपण, ती गेली ते साल आणि त्याला केक कुठला आवडतो हे सगळं काढून घेतलं. मी अजून गुडघाभर चिखलात होते. मग त्यांनी त्याला सांगितलं की त्याच्याकडे लाकडावरची भट्टी आहे आणि आम्ही ती वापरणार आहोत. तो हो म्हणाला. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती.

तर काल सकाळी उर्मासच्या स्वयंपाकघरात केक आणि अंगणातल्या चुलीवर रंग, असं एकदम चालू होतं. तुरटीत भिजवलेली लोकर मी बेरीच्या पाण्यात सोडली, छान जांभळट रंग धरायला लागली होती. खिळे शेवटी घालायचे, म्हणून दगडावर काढून ठेवले. मध्येच केकवर आंबट साय ओतायला आत गेले. परत येऊन काठीनं लडी वर उचलली, तर लाल! अगदी मेंढपाळाच्या पोरीच्या लग्नातल्यासारखा नाही, पण पिकल्या चेरीच्या आतल्या गरासारखा, ओलसर, हसरा लाल. शेजारी व्हिनेगरची रिकामी बाटली (आंबट पडलं की बेरीचा रंग लाल होतो) आणि सासूबाई ओंडक्यावर बसून शेंगा सोलत होत्या.

आधी वाटलं खिळे घालून बुडवावं सगळं काळ्यात. मग लडी तशीच उचलली आणि शेडमागे नेऊन वाळत घातली, जणू चोरीचा माल. दुपारी त्या आपणहून तिथे आल्या. लडी दोरीवरून काढली, दोन्ही मनगटांत ताणून धरली आणि माझ्यासमोर बसल्या. मला तिचा गोळा करायला लावला. मी गुंडाळत होते, धागा दर वेळी सुटत होता. शेवटी मी म्हटलं, चुकून झालंय, पुन्हा रंगवते.

"मिहकेलला तुझा लाल घागरा आवडायचा," त्या म्हणाल्या. "म्हणायचा, बरं पडतं, बायको चिडून येतेय हे धक्क्यावरूनच कळतं, होडी परत फिरवता येते."

अक्का, मला हसू आलं. मग दुसरं जे यायचं तेही आलं. त्यांनी लडी हातातून सोडली नाही, त्यामुळे त्यांना डोळे पुसता आले नाहीत. दोघींचे तसेच वाहू दिले. त्यानंतर केक कापला. उर्मासनं तीन तुकडे खाल्ले आणि ओठ निळे करून, चांगला आहे, असं म्हटलं. त्याच्या हिशेबानं ते भाषणच झालं.

बाकी विशेष नाही. गाडी उद्या चालेल असं उर्मास म्हणतो. भावोजींना नमस्कार, कोंबड्यांना (विचारत नाहीये) आशीर्वाद.

तुझी,
वाकलेली साल्मे

ता. क. मी सासूबाईंना व्हिनेगरचं विचारलं. त्यांना वाटलं जॅमचं पातेलं आहे, गोड जास्त झालंय. म्हणजे मी उगाच रडले.

ता. क. दुसरा. लोकर सोबत पाठवते आहे. माझ्या मागावर तू काळा ताणा चढवून ठेवशील का? आणि रेघ जरा रुंदच विण. उर्मास सप्टेंबरात मध घेऊन बेटावर येतो म्हणतो. त्याला तुझ्याकडे उतरव, माझ्याकडे नको. लोक बोलतील. (पण जेवायला माझ्याकडे पाठव.)

ता. क. तिसरा, साल्मे पाणी आणायला गेली आहे म्हणून मी लिहिते. हेल्मी पोरी, जॅम कुठला आणि लोकर कुठली हे मला अजून ओळखता येतं. हे तिला सांगायचं नाही. बहिणीकडे मी काही जाणार नाही, ती आहे तशीच असणार. सूत उरलं तर माझ्या घागऱ्यातही एक रेघ घाल, करंगळीएवढी, अगदी खाली, घेराच्या आतल्या बाजूला. मला बसल्यावर दिसली म्हणजे झालं.
वेरामावशी