सुई अडकली नव्हती

बाबा, त्या रविवारी सुई अडकली नव्हती. मला हे मागच्या मंगळवारी कळलं, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून कोणाला तरी सांगावं म्हणून घरभर फिरते आहे, पण हे ऐकून घ्यायचा हक्क असलेला माणूस एकच, तो तुम्ही. म्हणून लिहायला बसले.

आपल्या राजेंद्र नगरच्या घरात रविवारची सकाळ म्हणजे रेकॉर्ड्स. आंघोळी उरकून तुमचे दोन मित्र यायचे, ऑफिसातले काका आणि गणपतीत तबल्याला बसणारे काका. सतरंजी, शेवेची ताटली, चहा. नियम दोनच: बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, आणि सुईला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आठवडाभर तुम्ही ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढायचात, त्यामुळे ऐकणंही मोजूनमापून. उजवा हात मांडीवर, बोटांवर मात्रा, समेला हलकी थाप. प्रत्येक कव्हरच्या कोपऱ्यात तुमच्या त्या बारीक अक्षरात पेन्सिलीने ताल लिहिलेला. मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असंच करत असतील.

महूच्या लष्करी छावणीतून कोणी फौजी साहेब बदली होऊन निघाले की घरातलं सामान विकून जायचे. तसल्याच एका बंगल्यातून तुम्ही स्कूटरवर पायाशी ठेवून रेकॉर्ड्सचं एक खोकं आणलंत. वर नाचाची गाणी होती आणि अगदी तळाशी ही. राखाडी कव्हर, फोटो नाही, अक्षरं कुठल्या परक्या भाषेतली. मी तेव्हा सतरा वर्षांची, कॉलेजात नुकतीच गेलेली, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची लाज वाटायच्या वयात. तुम्ही ती लावलीत आणि सॅक्सोफोन असा काही किंचाळला की आई हातात लाटणं घेऊन बाहेर आली. मग दुसरा किंचाळला. ड्रम आपल्याच नादात, कोणाचा कोणाला पत्ता नाही. ऑफिसातल्या काकांनी नियम मोडला. म्हणाले, "भिया, हे काय उठवून आणलं तुम्ही महूहून? याला संगीत म्हणायचं तर आमचा मिक्सर पण उस्ताद झाला ना." तुम्ही नुसता डावा हात वर केलात. उजव्या हाताची बोटं सम शोधत होती आणि ती सापडत नव्हती. वीस मिनिटं तुम्ही त्या गदारोळात सम शोधत बसलात. चेहऱ्यावर वैताग नव्हता. एखाद्या फार मोठ्या माणसासमोर बसावं तसे तुम्ही ताठ बसला होतात.

मग ते सगळे एकदम थांबले. एक घुमारा उरला, त्याच्याखाली एक ठोका, आणि तेच परत, तेच परत. तुमची बोटं थबकली, मग चालू लागली. चार मात्रा आणि थाप. चार मात्रा आणि थाप.

"आली," तुम्ही अगदी हळू म्हणालात. "बघा, सम आली."

तुमचे डोळे भरले होते. मी उठले, "बाबा, सुई अडकलीय," म्हटलं, आणि माझ्या हाताने सुई उचलली. दोघे काका इतके हसले की तबल्याच्या काकांना ठसका लागला. तुम्हीही हसलात. सुईला हात लावला म्हणून तुम्ही मला रागावला नाहीत, आणि तेच मला अजून खुपतं.

दोन-तीन दिवसांनी मी सायकल बाहेर काढत होते तेव्हा तुम्ही विचारलंत, "खरंच अडकली होती ना गं?" मी म्हटलं, "हो बाबा, और क्या." तुम्ही मान हलवलीत. ती रेकॉर्ड बैठकीत पुन्हा लागली नाही. कव्हरच्या कोपऱ्यात, जिथे ताल लिहायचा तिथे, तुम्ही लिहून ठेवलंत: शेवटी सुई अडकते.

तुम्ही गेल्यावर ते खोकं माझ्याकडे आलं आणि मी सगळ्यात आधी तीच लावली. तिच्या पाठोपाठ तसल्याच आणखी शोधायला लागले. बँकेची नोकरी, संसार, आणि कपाटात आता तसल्या तीनेकशे. बाबा, काय काय करून ठेवलंय या माणसांनी. एक जण श्वास न तोडता अख्खी बाजू वाजवतो, नाकाने हवा ओढतो तीसुद्धा ऐकू येते. एकीने पियानोच्या पोटात हात घालून तारा नखांनी खरवडल्या आहेत, आणि त्यातून असा नाद निघतो की मी दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नव्हते. एका रेकॉर्डवर जवळजवळ काहीच नाही, आपल्याच खोलीतला पंखा ऐकत बसायचं. मी या लोकांना हात जोडते, खरोखरचे जोडते. तुमच्या रेकॉर्डवरची सुई मात्र दर वेळी शेवट यायच्या आत उचलायची, कव्हरवर तुम्ही लिहिलं होतं म्हणून.

ती फार झिजली म्हणून तिचीच दुसरी प्रत मागवली. मंगळवारी कुरियरने आली. लावली, आणि कुकर झाला म्हणून आत गेले. परत आले तर तोच घुमारा, तोच ठोका, तेच परत. या प्रतीवर एक ओरखडा नव्हता. भिंग घेऊन पाहिलं. शेवटची रेघ आत सरकतच नाही, गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळते. सोबत इंग्रजीत एक छापील कागद होता, आपल्या प्रतीतला कधीतरी हरवला असणार. त्यात लिहिलंय की शेवटचा आवाज मुद्दाम असा कोरला आहे, ऐकणारा सुई उचलेपर्यंत तो चालू राहतो. मी तिथेच जमिनीवर बसले. हात आपोआप मांडीवर गेला. कुठल्या दूरच्या देशातल्या माणसांनी इतक्या गदारोळाच्या तळाशी जे ठेवलं होतं, ते राजेंद्र नगरातल्या एका ड्राफ्ट्समनने पहिल्याच ऐकण्यात पकडलं होतं. तुमच्या पाया पडावंसं वाटलं. किती वेळ बसले होते कोण जाणे, भात पार गार झाला.

हे लिहिलेलं तुमच्या रेकॉर्डच्या कव्हरात सरकवून ठेवावं असं मनात आलं होतं, पण ते नको. माझ्या खणातच राहू दे. एक गोष्ट मात्र मी वर नीट लिहिली नाही. मला सुई अडकली असं वाटलं म्हणून मी उठले, असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं, बाबा. तुम्ही "आली" म्हणालात तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. मलाही ती ऐकू आली होती. काका माझ्याकडे बघत होते, म्हणून मी उठले.