न उचललेली मूठ

माय, आज दुपारी एक बाई माझ्या दारात गरम डबा ठेवून गेली. तुझ्याच दारात म्हणायला हवं, लोधीपुऱ्यातलं हे घर मी विकलं नाही. निवृत्त झाल्यावर इथेच राहायला आले. बाई चाळिशीची असेल. गळ्यात कसलंसं ओळखपत्र, हातात पिशवी. म्हणाली, "माताजी, अकेल्याच राहता ना? घ्या, गरम आहे. पैसे-बैसे काही नाही, सेवा आहे." मी काही विचारायच्या आत ती शेजारच्या दाराशी गेली. डब्यात खिचडी होती, वर लसणाची फोडणी. मी ती उभ्याने खाल्ली, ओट्याजवळ. मग बसले आणि तुला लिहायला घेतलं. तू असतीस तर विचारलं असतंस की डबा कोणाचा. मी तेच सांगायला बसले आहे, पण आधी तुझ्या चुलीपासून सुरुवात करावी लागेल.

बाबा गेले तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची होते. संस्थानं देशात विलीन होण्याची ती वर्षं. आपल्या गावात सरकार होतं, पण ते कागदावर. पलीकडच्या संस्थानातून जीव घेऊन पळालेली माणसं रोज गाड्यांतून, बैलगाड्यांतून, पायी येऊन उतरत होती, आणि त्यांना कोणी जेवायला घालायचं हे कोणत्याच कचेरीला ठाऊक नव्हतं. आपले नातेवाईक खकनारला. निरोप पोचून ते येईपर्यंत बाबांचं सगळं झालं होतं. तिरडीचे बांबू दलाच्या पोरांनी आणले, खांदा त्यांनी दिला, इतके खांदे होते की गल्लीच्या वळणावर माणसं आपला हात लागावा म्हणून थांबली होती. दल हे त्यांचं पूर्ण नाव नव्हतं, पण आपण सगळे दलच म्हणायचो. संस्थानिकाशी लढायला म्हणून ती पोरं जमली होती. लढाई सीमेपलीकडे होती, अलीकडे त्यांचा दवाखाना होता, रात्रशाळा होती आणि तालमीमागच्या पटांगणात मोठी चूल.

तू कोपऱ्यात बसलीस. मला तो कोपरा अजून दिसतो, आत्ता तिथे माझं पुस्तकांचं कपाट आहे. ज्या बाईला अख्ख्या गावात लग्नातले मांडे करायला बोलावणं यायचं, जिच्या हातावर पीठ पसरताना बघायला बायका काम सोडून उभ्या राहायच्या, तिला त्या माघात एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. विधवेच्या हातचे मांडे कोण वाढणार? कोणी काही वाईट बोललं नाही. फक्त आलं नाही. मांडे भाजायचं ते खापर तू कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलंस आणि आपण तिघं, तू, दादा आणि मी, ज्वारीची कण्हेरी पीत राहिलो.

मग मास्तर आले. दलाचे पुढारी. कधीकाळी खरोखरच शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागायचं. मला वाटलं, पोतं घेऊन आले असतील, गरीब विधवेला देतात तसं. हात रिकामे होते. दाराबाहेरच उभे राहून म्हणाले, "काकी, आमच्या पोरांना सैपाक येत नाही. लोक उपाशी नाहीत, पण वैतागलेत. तुम्ही चूल सांभाळा." तू म्हणालीस, "माझ्या हातचं लोक खातील का?" मास्तर म्हणाले, "खापर काढा, आणि बघा."

ज्या दिवशी पलीकडचं संस्थान विलीन झालं, त्या दिवशी तू पटांगणात खापरावर मांडे केलेस. पुरणाचे नव्हते, तितका गूळ कुठला! साधेच. पण तू दोन्ही हातांवर ते पीठ झुलवत नेलंस आणि ते उपरण्याएवढं झालं, तेव्हा लोधीपुरा ओरडला. शेजारच्या लोणारणीनं मांडा उन्हात धरला, म्हणाली, "बाप्पा वो! याच्यातून तर तापी दिसते." दुसरी म्हणाली, "तापी कायची, तुह्या नवऱ्याची टक्कल दिसते." तू हसलीस. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. ज्या बायकांनी तुला लग्नाला बोलावलं नव्हतं, त्याच रांगेत उभ्या राहून तुझ्या हातचं घेत होत्या. मास्तर लांब उभे होते आणि लोकांकडे नाही, तुझ्याकडे बघत होते. त्या वेळी मला वाटलं, किती भला माणूस.

मुठीचं मडकं तुला आठवत असेलच. दलाचा नियम होता तो. चुलीवर जेवणाऱ्या प्रत्येक घरानं स्वतःच्या घरी एक मडकं ठेवायचं, त्यात रोज मूठभर ज्वारी टाकायची, आणि शनिवारी दलाच्या बायका ते उचलून न्यायच्या. ज्याच्या घरात काही नाही त्यानं कोंडा टाकावा, पण टाकावा. मला हे वेडेपणाचं वाटायचं. इकडून जेवायला घालायचं आणि तिकडून मूठ मागायची, मग दिलं काय? मी तुला विचारलं तर तू म्हणालीस, "खाणाऱ्याची मान खाली राहत नाही गं." पुढे मी जबलपूरला शिकले, राज्यशास्त्र शिकवलं, आणि वर्गातली मुलं विचारायची, बाई, लोक बंदूकवाल्यांच्या मागे का जातात? मी खडखडीत उत्तर द्यायचे. जिथे सरकार पोचत नाही तिथे जो भाकर पोचवतो, तोच सरकार होतो. मुलं लिहून घ्यायची. उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं. आपण दलाचे झालो ते त्यांचं खाल्लं म्हणून नव्हे. त्यांनी आपलं घेतलं म्हणून झालो. पण हे सांगायला मला तुझ्या मडक्याची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मी कुठल्याच वर्गात सांगितली नाही.

संस्थान विलीन झालं, माणसं आपापल्या गावी परतायला लागली. दलाचं काम संपायला हवं होतं. मास्तर म्हणाले, काम तर आता सुरू झालं. दादा तेव्हा सतरा वर्षांचा. तो दलाबरोबर खकनारच्या पलीकडे, सातपुड्यात कवायतीला जायचा. आला की जेवायचा आणि झोपायचा. एकदा आंघोळीच्या वेळी तू त्याच्या उजव्या खांद्यावरचा काळानिळा डाग पाहिलास. "काठीनं लागलं," तो म्हणाला. तू हळद गरम करून लावलीस. पुढच्या खेपेला डाग तिथेच, त्याच जागी, आणखी मोठा. काठी काय रोज एकाच जागी लागते! बंदुकीचा दस्ता लागतो. तू हळद तेवढी जास्त घेतलीस.

आणि मग ती बाई रांगेत आली. मी त्या दिवशी पत्रावळी वाटत होते, तुझ्यापासून दोन हातांवर. नवी होती, कडेवर पोर, पदर जळलेला. तू वाढताना सवयीनं विचारलंस, "कुठली गं माय तू? पलीकडची का?" ती म्हणाली, "नाही वो काकी, इथलीच. खकनारकडची. आमचं दुकान होतं." तिच्या नवऱ्यानं मूठ द्यायला नकार दिला होता. म्हणाला होता, मी तुमच्या चुलीवर जेवत नाही, तर मी मूठ का देऊ? दुकान पेटवलं तेव्हा तो आत झोपला होता. हे सगळं तिनं पत्रावळीकडे बघत सांगितलं, हळू, कारण मागे रांग होती. तू विचारलंस, "आणि तू इथं जेवायला आलीस?" ती म्हणाली, "मग कुठं जाऊ? दुसरं कोण खायला घालते?" तू तिला दाळ वाढलीस. पोराला निराळी वाढलीस. 

घरी आल्यावर तू दादाला एकच विचारलंस. "खकनारच्या दुकानाशी तू होतास?" दादा चपलेचा अंगठा बघत बसला.  दिवस मावळायच्या आत तू त्याला जसोंडीला मामाकडे नेऊन सोडलंस, आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी चुलीवर गेलीस. मीही गेले.

मास्तर दुपारी आले. पाटावर बसून भाकर मोडत म्हणाले, "काकी, पोरगा दिसत नाही."

"मामाला केळीत हात पाहिजे होता."

"परत केव्हा येईल?"

"केळी संपली की."

मास्तर हसले. "केळी कुठं संपते काकी? एक घड कापला की बुंध्याशी पिलं तयारच असतात."

"म्हणून तर पाठवला," तू म्हणालीस.

आजूबाजूच्या बायका हसल्या, त्यांना वाटलं गंमत चाललीय. मास्तरही हसत होते. जेवण संपवून हात धुतले आणि जाताना तुला वाकून नमस्कार केला. "धग फार आहे काकी, जपा."

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. घर जाळतील. मी दाराला आतून पाटा लावून ठेवला होता, तू तो काढून जागेवर ठेवलास. काहीच झालं नाही. शनिवार आला. तू भरलेलं मडकं घेऊन दारासमोरच्या ओट्यावर उभी राहिलीस, अंगावर धुतलेलं लुगडं. दलाच्या बायका गल्लीत शिरल्या. लोणारणीचं मडकं घेतलं, शिंप्याचं घेतलं, तुझ्यापाशी आल्या आणि पुढच्या घराकडे गेल्या. तुझ्याकडे बघून नेहमीसारख्या मान हलवून गेल्या. मूठ तेवढी घेतली नाही. तू गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्याकडे बघत उभी होतीस, मडकं कडेवर, लेकरू धरावं तसं.

सोमवारी चुलीवर दुसरी बाई बसलेली होती. तुला कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. लोणारीण पाण्याला जाताना आपल्या दारासमोर कळशी दुसऱ्या कडेवर घ्यायला लागली, म्हणजे तोंड पलीकडे राहील. मी तुझ्यावर किती चिडले होते! पटांगणात हसणं होतं, माझ्या वयाच्या मुली होत्या, आणि घरात तू आणि कण्हेरी. एकदा मी ताट घेऊन तिकडे निघाले तर तू दारात उभी राहिलीस. "ताट ठेव." मी म्हणाले, "भूक लागली आहे." तू म्हणालीस, "मला माहीत आहे. ठेव." असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. पुढे वर्गात शंभर मुलांना गप्प करताना मी तोच आवाज वापरला, आणि लोक म्हणायचे, बाई फार कडक आहेत.

वर्षभरात पोलीस आले, मास्तर पकडले गेले, पटांगणातली चूल विझली. मला वाटलं, आता बायका परत येतील. आल्या नाहीत. दल संपलं, पण तुझं वाळीत पडणं संपलं नाही. मडक्यातल्या ज्वारीला सोंडे लागले, ती तू चिमण्यांना टाकलीस. आणि ज्याच्यासाठी हे केलंस तो दादा? तो जसोंडीला केळीच लावत राहिला, चांगली लावली, लग्न केलं, म्हातारा झाला. त्यानं तुला कधी माफ केलं नाही. म्हणायचा, "मायनं मले भेकड करून टाकलं." बरोबरीच्या पोरांपैकी दोन जंगलातून परत आले नव्हते, आणि तो त्यांची नावं देवाचं नाव घ्यावं तशी घ्यायचा. तू गेलीस तेव्हा खांद्याला चौथा माणूस मिळेना. दादा, त्याचा मुलगा, मामाचा मुलगा. चौथा म्हणून रस्त्यावरून जाणारा एक हमाल थांबला. मी त्याला ओळखत नव्हते, तोही तुला ओळखत नव्हता.

मी सगळ्यांना सांगत आले की माझी आई खंबीर होती, तिनं योग्य तेच केलं. ते खरंच आहे. पण त्याची किंमत काय असते हे मी कधी विचारलं नव्हतं. गेली काही वर्षं या घरात मीच असते. फोन वाजतो तो बँकेचा. बोललेच नाही असे दिवस जातात आणि संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना आवाज घोगरा येतो. अशा घरात आज एक बाई आली आणि म्हणाली, गरम आहे. जाताना शेजाऱ्यांच्या दारातून तिनं वळून सांगितलं, "माताजी, डबा उद्या नेईन. आमचा कार्यक्रम असतो, कधी जमलं तर या. आणि मूठभर तांदूळ द्याल तर बघा, सगळेच देतात."

मूठभर, माय. हाच शब्द.

ती बाई भली असेल. बहुतेक असेलही. नुसती खिचडी वाटणारी माणसं जगात असतात, हे मला कळतं. पण विचारायला हवं, हेही मला कळतं. आयुष्यभर मी तेच शिकवलं. ती शेजारच्या दाराशी उभी होती, माझा आवाज तिथवर सहज गेला असता. मी विचारलं नाही.

हा कागद मी खापरात ठेवणार आहे. ते अजून माळ्यावर आहे, तुझ्याच कपड्यात. डबा घासून ओट्यावर उपडा घातला होता, तो आत्ता सुलटा केला. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तूच शिकवलंस, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यात मूठभर तांदूळ घातले. उद्या दुपारी ती येईल तेव्हा मी दारासमोरच्या ओट्यावर असेन. ती कोणाची हे विचारायचं मी ठरवलं आहे. पण खरं सांगू? मला भीती तिच्या उत्तराची नाही. ती तांदूळ न घेताच पुढच्या दाराशी गेली तर, याची आहे.