पत्र झरीनचं, अक्षर माझं

राजिवडा, रत्नागिरी
१२ जानेवारी

प्रिय इरम,

अनेक दुवा. कालपासून तुझे चार मिसकॉल आले आणि मी एकही उचलला नाही. घाबरू नकोस. माझी साखर ठीक आहे, अब्बांचा गुडघा होता तसाच आहे, आणि आज सकाळी बांगडे घेताना त्यांनी कोळणीशी नेहमीसारखी हुज्जतही घातली, म्हणजे घरात सगळं जागच्या जागी आहे. फोन उचलला नाही कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझं एक वाक्य पुरं होईतो तुझे तीन प्रश्न तयार असतात. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण माझ्या पोटच्या पोरीएवढी मध्ये मध्ये बोलणारी विद्यार्थिनी मला भेटली नाही. म्हणून कागद घेतला. लिहून झालं की झरीनखालाच्या अक्रमची मुलगी फोटो काढून तुला पाठवील. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. झरीनखालाचं ते पत्र, जे तुला पुस्तकात सगळ्यात पुढे घालायचंय, ते हे वाचून होईपर्यंत छापायला देऊ नकोस.

तू त्या पत्राचा फोटो पाठवलास तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ‘अम्मी, यासीनचाचांच्या पेटीत सापडलं, बघ, तुझंच अक्षर!’ असं खाली लिहिलं होतंस. तुला किती आनंद झाला होता गो! बरोबरच आहे. तिकडे बॉस्टनला दिवसभर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या राजकारणी घराण्याची पत्रं नि कागद लावत बसतेस, आणि सुट्टीत इकडे येऊन आपल्या मोहल्ल्यातल्या पेट्या उघडतेस, की आमच्याही बायकांनी परदेशी गेलेल्या नवऱ्यांना काय लिहिलं ते छापलं जावं. सगळ्या राजिवड्यात तू वेडी ठरलीस, पण पेट्या मात्र सगळ्यांनी उघडून दिल्या. मला तुझा अभिमान वाटतो, हे फोनवर कधी सांगितलं नाही, इथे सांगते.

तू दिलेला तो जाडा खंड मी शब्दकोश उशाशी घेऊन थोडा थोडा वाचते. नवरा देश उभा करायला वर्षानुवर्षं लांब गेलेला आणि बायको शेत, पोरं, आजारपण सगळं एकटी सांभाळतेय. मेलीनं नवऱ्याकडे काय मागावं, तर टाचण्या! लढाईमुळे टाचण्या मिळेनात म्हणून. वाचून मी एकटीच हसले. आपल्याकडून मस्कतला जाणाऱ्या पत्रांत असंच असायचं, सुया पाठवा, डोक्याला लावायचा बाम पाठवा. राजकारण, समुद्र, नोकरी काही असो, मागे राहिलेल्या बाईचं पत्र सगळीकडे सारखंच. पण तू सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या बाईची पत्रं पहिल्यांदा छापली ती तिच्या नातवानं, आणि छापताना त्यानं ती साफसूफ केली. चुका काढल्या, काही मजकूर गाळला. आजीची शोभा होऊ नये म्हणून. आणि आता तुमच्या ऑफिसातली माणसं बसून तिचे मूळ शब्द परत जागेवर लावतात. तू हे हसत हसत सांगितलंस. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही.

तुला ठाऊकच आहे, आपल्या गल्लीत तेव्हा लिहिता येणाऱ्या सुना दोनच, त्यातली एक मी. गुरुवारी दुपारी शाळा सुटली की बायका परदेशी पाठवायची निळी एरोग्राम पत्रं घेऊन आपल्या ओटीवर यायच्या. एकीनं सांगायचं, मी लिहायचं, लिहून झालं की वाचून दाखवायचं. मी चांगलं लिहायचे बरं का. एखादीनं नुसतं ‘बरी आहे’ म्हटलं तरी मी त्याच्या चार ओळी करायचे आणि ती खूश व्हायची. मग सवय लागली. सासूबद्दलची तक्रार मी जरा मऊ करायचे, शिवी गाळायचे. कारण तिकडे मस्कतला पत्र कुणी एकट्यानं वाचत नसे. एका खोलीत आठ माणसं, शुक्रवारी जेवण झालं की ज्याचं पत्र आलं असेल त्याचं मोठ्यानं वाचलं जायचं. झरीनचा नवरा, तुझे यासीनचाचा, आणि तुझे अब्बा एकाच कंपनीत, एकाच खोलीत. तेव्हा इथून गेलेला प्रत्येक शब्द आठ जण ऐकणार, हे मला माहीत होतं. मी माझी समजूत अशी घातली होती की मी बायकांची लाज राखते.

ते १९९१ साल. तू पाळण्यात, झरीनचा अक्रम दोन वर्षांचा. झरीन आली ती नेहमीसारखी पदर सावरत नाही, तरातरा आली. यासीनचं कंत्राट संपत आलं होतं आणि आणखी दोन वर्षं राहू का, असं त्यानं विचारलं होतं. झरीननं बसल्या बसल्या एका दमात सांगितलं, या, परत या, मला काही नको. आणखीही बरंच सांगितलं. मी पेन हातात घेऊन ऐकत राहिले. तिला म्हटलं तू जा, पोरगं रडतंय, मी लिहून टाकते. आणि मी लिहिलं ते तुझ्यासमोर आहे. ‘आमची काळजी करू नका. घराचं काम पुरं होईपर्यंत खुशाल राहा. मी धीरानं वाट पाहीन.’ एकही शब्द तिचा नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी लिहिलेलं वाचून दाखवलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही, कारण माझ्यावर तिचा विश्वास होता.

का केलं? आठ माणसांसमोर तिची शोभा होऊ नये म्हणून, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं लिहायला हात आखडतोय. इरम, मला तिचा हेवा वाटला. ती जे बोलली ते मला तुझ्या अब्बांना लिहायचं होतं, दर गुरुवारी लिहायचं होतं, आणि मी, गल्लीतली शिकलेली सून, कधी लिहू शकले नाही. ही अंगठेबहाद्दर बाई येते काय आणि बोलून मोकळी होते काय! मला सहन झालं नाही. त्याची शिक्षाही लगेच मिळाली. पुढच्या महिन्यात तुझ्या अब्बांचं पत्र आलं, यासीनच्या घरचं पत्र सगळ्या खोलीनं ऐकलं, किती समजूतदार बाई, तू झरीनकडून काहीतरी शिक.

यासीन दोन वर्षांनी आला. अक्रम त्याला ‘चाचा’ म्हणून लपून बसला. झरीन त्याच्याशी कामापुरतं बोलायची, पुढे तेही कमी झालं. तिच्या मनात एकच, मी एवढं कळवळून सांगितलं आणि यानं जुमानलं नाही. मग तोही घरी रमेना, पुन्हा पुन्हा मस्कतला जात राहिला. एकदा सुट्टीत आला होता तेव्हा मला आपल्या दारात उभं राहून विचारलं, भाबी, राहा म्हणून तिनंच लिहिलं होतं, मग तिचा राग कशाचा, तुम्हाला काही ठाऊक आहे का? मी म्हटलं, बायकांच्या मनातलं कुणाला कळतंय. हसून म्हटलं गो मी! तीन वर्षांपूर्वी यासीन गेला. तेव्हाही झरीनच्या शेजारी चाळीस दिवस मीच बसले आणि तोंड उघडलं नाही.

तुझं पुस्तक आलं की अक्रमची मुलगी ते आजीला वाचून दाखवणार. सगळ्यांसमोर, कौतुकानं, पहिलंच पत्र. झरीन आपलं म्हणून जे ऐकेल ते माझं असेल. तो दिवस येऊ द्यायचा नव्हता. एक मार्ग होता, तुला सांगायचं की हे पत्र काढून टाक, फार खाजगी आहे. तू ऐकलंही असतंस. परवा सकाळपर्यंत माझं तेच ठरलं होतं. मग आजीची पत्रं साफ करणारा तो नातू आठवला, आणि मी चप्पल घालून झरीनकडे गेले.

ती मागच्या दारी कोकमाची सालं वाळत घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, वाच. मी फोनवर तुझा तो फोटो उघडून माझंच पत्र तिला वाचून दाखवलं, पस्तीस वर्षांनी. तिनं हातातलं साल खाली ठेवलं. मग म्हणाली, म्हणजे त्यांनी माझं ऐकलं होतं. राहा म्हटलं म्हणून राहिले. एवढंच म्हणाली आणि तोंडावर पदर धरून रडली, यासीनच्या मयतीला रडली नव्हती तशी. मी हात लावायला गेले तर हात झटकला. जा म्हणाली. माफीचं नाव मी काढलं नाही, तिनंही नाही. बाई, तुझ्या अम्मीला एवढी शरम कधी वाटली नव्हती.

काल सकाळी तिनं अक्रमच्या मुलीला निरोप घेऊन पाठवलं, म्हणून हे पत्र. तिचं म्हणणं असं की पत्र पुस्तकात राहू दे, पहिलंच राहू दे, त्याच्यावर नाव मासूमाचं, म्हणजे माझं, घाल, आणि त्याच्याखाली तिचं खरं पत्र छाप. तिनं काय सांगितलं होतं ते तिला आता धड आठवत नाही. म्हणाली, मासूमाला विचारा, तिला आठवत असेल. मला आठवतं. पस्तीस वर्षांत एकही शब्द विसरले नाही. तू तुझ्या ऑफिसात लावतेस तसे हे शब्द जागेवर लाव, आणि काही साफ करू नकोस. झरीन म्हणाली होती: ‘मला माडी नको, मला टेप नको, तुम्ही या. मला तुमच्याशी भांडायचंय, आणि कागदावर माझं भांडण होत नाही, मध्ये दुसरी बाई बसते. पोरगं तुमच्या फोटोला सलाम करतं, त्याला माणूस दाखवा. आलात तर अर्धी भाकरी खाऊ. नाही आलात तर मी मरणार नाही, जगेन. पण मग तुमची वाट बघणार नाही.’

तुझीच,
अम्मी