माझ्या ताकदीला झेपेल अशी डिस्क

२ फेब्रुवारी, रविवार

निदान झालं. दोष माझ्यात नाही, डिस्कमध्ये आहे.

डिस्क गोल्फ म्हणजे हातातली तबकडी फेकत मैदानातल्या साखळ्या लटकवलेल्या टोपल्यांत एकेक करून घालायची; आज पाचव्या टोपलीच्या वेळी डिस्क पुन्हा उजवीकडे भरकटली. थेट झुडपात. डॉक्टर म्हणाला, सोडताना तुझा हात कलतो, सपाट सोड. डॉक्टर दंतवैद्य आहे. हिरडीपुढचं त्याला कितीसं कळणार? पण माझा इतक्या वर्षांचा जोडीदार, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही. खरं कारण मला उमगलंय: ताकद. माझ्या हातात इतका जोर आहे की साध्या डिस्कला तो सोसत नाही.

उपाय: ओव्हरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर. मध्यम पल्ल्याची डिस्क, कितीही जोरात फेका, उजवीकडे जायचं नाव घेत नाही. शेवटी मान टाकते ती डावीकडेच.

जोड्यांची स्पर्धा २ मार्चला. गेल्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो. यंदा हे होणे नाही. संकल्प: आठवड्यात डिस्क निवडायची. मग रोज सकाळी सराव.

हिला सांगितलं. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. अंगणाचा इथे काय संबंध, कळलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेसहाला डॉक्टरचा फोन. मैदानावर येतोस का? नाही म्हटलं. चुकीच्या डिस्कने सराव म्हणजे चुकीचाच सराव. आधी निवड. डॉक्टर म्हणाला, बरं, मग मी एकटाच चक्कर मारतो.

दिवसभर व्हिडिओ बघितले. प्रत्येक डिस्कवर चार आकडे असतात: वेग, तरंगणं, उजवीकडची ओढ, डावीकडची ओढ. ऑफिसातही हाच अभ्यास. साहेबांनी विचारलं, कसला रिपोर्ट? म्हटलं, तुलनात्मक.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, तुमची डिस्क साधारण किती लांब जाते? मी आकडा सांगितला. झुडपातून उचलताना जेवढं चालावं लागतं तेही त्यात धरलं. तो माझ्या दंडाकडे बघून म्हणाला, ओव्हरस्टेबल जोरकस हातासाठी असते, तुम्ही हलकी का नाही घेत? म्हटलं, जोरकस हातासाठीच हवीय. बिचाऱ्याचा चेहरा पडला.

तीन आणल्या. एक कडक, एक मऊ, एक दोन्हींच्या मधली. ही म्हणाली, फ्लॉवर आणायला सांगितला तर कोबी घेऊन येतोस, आणि इथे तिन्ही आणल्यास. म्हटलं, भाजीला वाऱ्याचा प्रश्न नसतो.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर इथेच. रोज चालायला सांगितलंय, पण एकटीने चालायचा कंटाळा येतो म्हणतात.

डिस्कांची वजनं करायला स्वयंपाकघरातला काटा घेतला होता. तो सासूबाईंना पिठासाठी हवा होता. थोडी चकमक. काटा त्यांच्याकडे गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पुन्हा डॉक्टर. फोन न उचललेलाच बरा, कारण कडक की मऊ हा विषय नाजूक वळणावर होता. मग सुचलं. सासूबाईंना चालायचंच आहे, तर मैदान कोपऱ्यावरच. म्हटलं, जरा जाऊन डॉक्टरला सांगा, जावई कामात आहेत. हातात माझी जुनी हलकी डिस्क दिली. नाहीतरी ती माझ्या ताकदीपुढे निरुपयोगी. एका दगडात दोन पक्षी.

दोन तासांनी परतल्या. म्हटलं, निरोप एवढा लांब नव्हता. म्हणाल्या, डॉक्टरांनी फेकायला शिकवलं, एक टोपलीतसुद्धा पडली. टोपलीच्या साखळ्या वाजल्या की किती बरं वाटतं हो, म्हणाल्या. मी त्यांना उजवीकडच्या ओढीबद्दल समजावून सांगितलं. त्या आंघोळीला गेल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मनगटाचा सराव, एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन. फाइल सुटली. साहेबांचा चहा गेला. पण फाइल उजवीकडे वळली नाही, याची नोंद करतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर गेलो. कडक डिस्कची पहिली चाचणी. अंगातलं सगळं बळ एकवटलं. डिस्क निघाली, पाणपोईपर्यंतही पोचली नाही आणि काहीतरी विसरल्यासारखी डावीकडे खाली बसली. दुसरी तशीच. तिसरी एका सायकलवाल्यापाशी. तो काय बोलला ते इथे लिहीत नाही.

निष्कर्ष: ही डिस्क गरजेपेक्षा जास्त ओव्हरस्टेबल आहे. किंवा वारा कमी होता.

डॉक्टर आणि सासूबाई कशावरून तरी पोट धरून हसत होते. माझ्यावरून नसावं. मी तेव्हा निरीक्षणं लिहीत होतो, त्यामुळे विचारलं नाही. नंतर डॉक्टर शेजारी येऊन बसला. म्हणाला, अरे, डिस्कचं राहू दे रे, कुठलीही चालेल, उद्यापासून येत जा. गुरुवारपर्यंत जोडीची नावं द्यायची आहेत, तू आहेस ना? म्हटलं, एक चौथी डिस्क कुरियरने येतेय, ती बघू आणि बोलू. डॉक्टर माझ्या वहीकडे बघून उठला आणि टोपलीकडे गेला. माझा काटेकोरपणा त्याला आवडला असावा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कुरियर आलं. नारिंगी रंग! कडेला बोट लावताच कळलं, हीच.

डॉक्टरचे फोन येऊन गेले. मी वाऱ्यावरचा व्हिडिओ बघत होतो, आणि तो मध्येच थांबवला की धागा तुटतो. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर विचारत होते, नाव देऊ का? म्हटलं, यात विचारायचं काय? इतक्या वर्षांची जोडी, तिला का कुणी विचारतं? सासूबाई म्हणाल्या, विचारतात म्हणूनच ती टिकते. वयोमानाने माणूस असं काहीतरी बोलतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरचा फोन नाही. शहाणा माणूस. ऐन तयारीत व्यत्यय नको हे त्याला कळलं.

सासूबाई रोज पहाटे बाहेर पडतात. गुडघा झकास. कुणी मान्य करणार नाही, पण मूळ कल्पना माझी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अंतिम निर्णय: नारिंगीच. मऊ आणि कडक यांच्यामधली, बोटाला रुळणारी. अजून फेकलेली नाही. तिचा पहिला झटका स्पर्धेतच दिसावा. डिस्क हरवली तर सापडणाऱ्याने कळवावं म्हणून मागे नाव लिहितात, तसं लिहिलं. माझं आणि डॉक्टरचं, दोघांचं.

ही म्हणाली, ज्यांच्याबरोबर खेळायचंय त्यांच्याशी एकदा बोलून घे. म्हटलं, आमचं न बोलता चालतं.

२ मार्च, रविवार

स्पर्धेची पाटी लागली होती. डॉक्टरचं नाव होतं. शेजारी सासूबाईंचं. माझं नव्हतं.

पाटी पुन्हा वाचली. मागूनही बघितली.

डॉक्टर म्हणाला, नावं द्यायच्या त्या गुरुवारी रात्रीपर्यंत वाट बघितली रे. म्हटलं, ठीक आहे. ठीक नव्हतं. आधी वाटलं, याला जिंकायचंय, आणि सासूबाईंचा नेम माझ्यापेक्षा बरा निघाला असेल. मग म्हटलं, बघू तरी, आणि नारिंगी डिस्क पिशवीत घेऊन त्यांच्या मागे मागे फिरलो.

नेम वगैरे काही नव्हतं. सासूबाईंची डिस्क दर वेळी दहा पावलांवर. एकदा तर मागे गेली. डॉक्टरने एक डबक्यात घातली आणि काढायला गेला तेव्हा बूट आत राहिला. दोघं हसून हसून गवतात बसले. निकाल: शेवटून पहिले. आम्ही दोघं इतक्या वर्षांत कधी इतके खाली गेलो नव्हतो.

म्हणजे मला काढलं ते जिंकण्यासाठी नव्हतं. जिंकण्यासाठी काढलं असतं तर चाललं असतं.

डॉक्टरला विचारलं, मग का? बुटातलं पाणी ओतत तो म्हणाला, तू येतच नव्हतास रे. ही गेल्यापासून सकाळी घरात बसवत नाही, आणि एकट्याने फिरायचा कंटाळा येतो. त्याची बायको जाऊन वर्ष होऊन गेलं. मला माहीत होतं. माहीत असून मी कडक की मऊ बघत बसलो.

मला फार वाईट वाटलं. म्हणून नारिंगी डिस्क काढली आणि तिची कड बोटाला कशी बसते ते त्याला नीट समजावून सांगितलं. तोही मध्ये मध्ये काहीतरी बोलत होता.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी साडेसहा. डिस्क कुठलीही.

३ मार्च, सोमवार

साडेसहाच्या आधीच मैदानावर. कुणी नाही. वाट बघितली. पाणपोईवाला आला, झाडून गेला.

डॉक्टरला फोन केला. झोपेत होता. म्हणाला, अरे, काल सांगितलं ना, पाय आखडलेत, आज आम्हा दोघांना सुट्टी, तू उद्या ये. सांगितलं असेल. तेव्हा मी कडेबद्दल बोलत होतो.

आलोच होतो, म्हणून एकटाच निघालो. आपणच फेकायची, आपणच जाऊन आणायची. दोन टोपल्यांतच जीव कंटाळला.

पाचव्या टोपलीला काही ठरवलं नाही, नुसती फेकली. हात कलला, मला कळलं. नारिंगी डिस्क उजवीकडे निघाली, झुडपाच्या वरून गेली, मग सावकाश डावीकडे वळत आली आणि थेट साखळ्यांत शिरली. साखळ्या खणखणून वाजल्या.

मी ओरडलो, डॉक्टर, बघितलंस? आणि मागे वळलो.