पंखा किती जागा खातो

चिमणे,

मोतीबिंदू काढायला दवाखान्यात चाललोय, उद्या येतो. नीट मोजल्याशिवाय ग्राफिक्स कार्डाच्या खोक्याचं सील फोडू नकोस. काल तू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची लांबी मोजलीस, पण बाहेरून. आत समोर पंखा बसतो, तो तीन सेंटिमीटर तरी जागा खातो. माझी शिवणकामाची टेप टेबलावर ठेवली आहे. पंख्यापासून मागच्या पत्र्यापर्यंत मोज आणि खोक्यावर छापलेल्या कार्डाच्या लांबीशी ताडून बघ. बसणार नसेल, तर दुकानदार आजच्या आज सीलबंद खोकं बदलून देईल.

माप चुकलं म्हणून तोंड पाडून बसू नकोस. बाबा हसलाच, तर त्याला सांग, ‘बाबा, आजोबांनी शिवलेल्या पहिल्या झबल्यात तुझं डोकंच शिरलं नव्हतं.’

आजोबा