तारमास्तरांवरील संशय आणि आपल्या गाडीचा गिअरबॉक्स

जो सर्व रथांचे लगाम हाती ठेवूनही कोणास धक्का लागू देत नाही, त्या सारथ्याची कृपा आपल्या घरावर असो.

चिरंजीव जावईबापू यांस अनेक उत्तम आशीर्वाद. कन्येची पाठदुखी उणावली असेल अशी आशा करतो. येथे मी कुशल आहे. परदेशी जाताना आपण विश्वासाने माझ्या स्वाधीन केलेली गाडी मात्र कुशल नाही. गॅरेजवाल्याने ती उघडून पाहिली. पहिल्या गिअरचे दात तुटले आहेत, इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले आहेत आणि तेलात लोखंडाचा चुरा तरंगतो आहे.

घाबरू नये. अपराधी मला ठाऊक आहे. शेजारचे निवृत्त तारमास्तर, जे गेली नऊ वर्षे रोज सायंकाळी माझे ग्रंथवाचन ऐकण्यास येतात (खरे तर ते एकटेच येतात), त्यांनी मंगळवारी नवा चष्मा आणण्यासाठी गाडी नेली होती. परत आली तेव्हा आसन चार बोटे पुढे सरकलेले आणि आरसा वळलेला! निरपराध माणूस आरसा कशाला वळवील? बुधवारी मी स्वतः चालवीत असताना गाडीने जी किंकाळी फोडली, ती मंगळवारच्या पापाची, हे उघड आहे. माझ्या हातून चूक संभवतच नाही, कारण मी गिअर स्तोत्रावर बदलतो: पहिला श्लोक संपला की दुसरा गिअर, दुसरा संपला की तिसरा (पाचवा मी फलश्रुतीसाठी राखून ठेवतो). बुधवारी तर भर वेगात, चौथ्या श्लोकात, एका ट्रकाच्या भोंग्याने माझा एक शब्द चुकला, तेव्हा तीर्थरूपांनी लावलेल्या शिस्तीप्रमाणे मी पाठ तत्क्षणी पहिल्यापासून सुरू केला. इतका मी सावध.

गॅरेजवाला म्हणतो, "आजोबा, पळती गाडी आपणहून पहिल्यात जात नाही. कुणीतरी जोर लावून दांडा कोंबलाय." हे बोलताना तो माझ्याकडे पाहत होता. मला त्याचाही संशय येतो.

त्याच सायंकाळी, वाचन थांबवून, मी तारमास्तरांना पहिल्या गिअरविषयी विचारले. "शास्त्रीबुवा, मी तिसऱ्याच्या वर गेलोच नाही. भीती वाटते हो मला," ते म्हणाले. पहिल्याविषयी विचारले असता जो तिसऱ्याविषयी बोलतो, त्याच्याबद्दल काय समजावे? तसे मी बोलूनही दाखवले. त्यांनी चष्मा काढून डबीत घातला. "नऊ वर्षांत तुमची एक ओवी चुकवली नाही मी," एवढेच म्हणून ते उठले. त्यास आज अकरा दिवस झाले. बाविसावा अध्याय मी रिकाम्या खुर्चीपुढे वाचला. खुर्ची मान डोलावत नाही.

तरी आपण त्यांना पत्र लिहून कबुली मागवावी. मी तत्काळ क्षमा करीन.

आपला शुभचिंतक,
सासरा

ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी गॅरेजात जाऊन आलो. गॅरेजवाल्याने स्वतःची जुनी गाडी मागच्या मोकळ्या जागेत आणली, "चालवून दाखवा" म्हणाला आणि शेजारी बसला. तिसऱ्या श्लोकात त्याने विचारले, "आजोबा, चहा घेणार?" शब्द चुकला. मी पाठ पहिल्यापासून सुरू केला. माझ्या हातानेही केला. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरून ठेवला म्हणून त्याची गाडी वाचली. "अहो, तोंडाने म्हणा की पहिल्यापासून! हाताला कशाला सांगता?"

दुसरा ता. क. कबुली मागवण्याचा वरील मजकूर रद्द समजावा (खोडला असता तर पत्र विद्रूप दिसले असते). मी तारमास्तरांच्या दारात उभा राहून क्षमा मागितली. त्यांनी दार अर्धेच उघडले.

"बाविसावा कुणाला वाचलात?"

"खुर्चीला."

"मग तो धरायचा नाही. पहिल्या ओवीपासून घ्या," म्हणाले, आणि चष्म्याची डबी शोधायला आत वळले.

आता मूळ विनंती. गाडी दुरुस्त झाल्यावर किल्ली तारमास्तरांकडे राहावी, असे आपण आपल्या मनानेच लिहावे. मी सुचवले हे त्यांना कळू नये. कन्येस पत्राचा पूर्वार्धच वाचून दाखवावा (पाकिटे तीच आधी उघडते, असा माझा जुना संशय आहे). तरीही हे पत्र जो कोणी वाचील त्याचे कल्याण असो, त्याचा पाठ कधी न चुको, आणि चुकलाच तर त्या वेळी तो पायी चालत असो.