जरासा उजवीकडे

९ नोव्हेंबर

चि. ठकी,

तुला आणि तुझ्या लेकीला बाबांचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. इकडे आम्ही मजेत आहोत. निदान आई तरी आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं असेल, ओळी एकमेकींवर चढल्या असतील, चालवून घे.

रविवारी आई एकटीच येते आहे. तिच्याबरोबर दुपटी, टोपडं आणि पाळण्यावर टांगायचे लाकडी पक्षी पाठवतोय. पाच ठरवले होते, तीनच झाले. माझं येणं या खेपेला जमेलसं दिसत नाही. गुडघा कुरकुर करतोय, शिवाय थंडीही पडली आहे.

पक्षी त्या लेझरवरच कापले. जुन्या प्रोजेक्टरचे अवयव काढून मी जोडला तो, ज्याला तू 'बाबांचा म्हातारचळ' म्हणतेस. जन्मभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केले, पण आपलं म्हणावं असं हे पहिलंच. पातळ फळीवर निळा ठिपका फिरतो, बारीक धूर निघतो आणि कड अशी सुरेख येते की करवतीनं तोंड लपवावं. सगळा खेळ एका बारक्या स्क्रूचा. डावीकडे फिरवला की प्रकाश मंद, उजवीकडे फिरवला की प्रखर. तीन पक्षी सुरळीत झाले. चौथ्याची फळी जाड निघाली, किरण आरपार जाईना. मी स्क्रू जरासा उजवीकडे घेतला. तरी जाईना. आणखी जरासा घेतला.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, फोटो मिळाला ना? नाक कुणाचं, सांगा बरं!" मी म्हटलं, "आपल्याच घरातलं, दुसऱ्या कुणाचं असणार?" किती हसलीस तू.

ठकी, मला नाक दिसलंच नव्हतं.

गुडघा ठणठणीत आहे.

तू दिलेला नारिंगी चष्मा खिळ्याला लटकत होता. तो लावला की ठिपका दिसत नाही, आणि मला तर किरण कुठवर जातो ते पाहायचं होतं. मी वाकलो. फळी हलू नये म्हणून शेजारी पोलादी पट्टी दाबून ठेवली होती, नवी, चकचकीत. ठिपका तिच्यावर घसरला. दुखलं काहीच नाही. निळा लखलखाट झाला, बस. वाटलं, डोळे दिपलेत, येतील ठिकाणावर.

आईला मी काही बोललो नाही. पण चहा ओतायला गेलो आणि सगळा कपाच्या शेजारी, टेबलावर.

"इकडे बघा माझ्याकडे," ती म्हणाली.

"बघतोय की."

"नाही बघत तुम्ही." एवढं बोलून ती खुर्चीत बसली. चहा टेबलावरून खाली ठिबकत राहिला, तिनं फडकंसुद्धा घेतलं नाही.

डावा डोळा लहानपणापासून अधू, हे तुला ठाऊकच आहे. सगळी भिस्त उजव्यावर होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आतल्या पडद्याचा मधलाच भाग जळलाय, तो काही परत यायचा नाही. कडेकडेचं दिसतं. नजर रोखावी तिथं मात्र राखाडी डाग. तुझ्या फोटोत मला पाळणा दिसला, दुपट्याची नक्षी दिसली, तुझ्या हातातली अंगठी दिसली. मधे डाग.

मागच्या खेपेला इथून निघताना तू पायरीवर थांबून म्हणाली होतीस, "बाबा, चष्म्याशिवाय बटण दाबायचं नाही हं." मी हसण्यावारी नेलं. गिऱ्हाइकांना आयुष्यभर दरडावत आलो, की वायर काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. आणि लेकीनं तेवढंच मागितलं, तर तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. डोळ्यापेक्षा हेच जास्त सलतंय गं.

आत्ता आईनं मागे उभं राहून हे सगळं वाचलं. म्हणाली, "लिहिलंत ना खरं? मग आता मुकाट्यानं चला माझ्याबरोबर. नातीला मांडीवर घ्यायला काय डोळे लागतात?" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून आत गेली.

तेव्हा रविवारी दोघंही येतोय. उतरताना हात दे. पोरीला माझ्या मांडीवर ठेव. मी तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसलो, तर आजोबांना कौतुक नाही असं कुणाला म्हणू देऊ नकोस. तेव्हाच मी तिला पाहत असेन.

तुझं न ऐकलेला,
बाबा